आईचा शालू बेल्लमपल्लीच्या आकाशात

विमान बसमधून नेता येतं का, हे मला गेल्या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं. येतं. पंख सोडवून खोक्यात ठेवायचे, खोकं मांडीवर घ्यायचं, आणि सोबत आई असावी.

बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या क्वार्टर्समागे एक मोठं मैदान आहे. दर हिवाळ्यात तिथे जुन्या धाटणीची, रेडिओवर चालणारी विमानं उडवणारे लोक जमतात. अट एकच: विमान जुन्या नकाशावरून, बाल्साच्या लाकडात, आपल्या हातांनी बांधलेलं हवं. बाल्सा इतका हलका असतो की पोस्टानं आलेला गठ्ठा उचलून बाबा म्हणाले, "फसवलं तुले. रिकामा हाये."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आदिलाबादच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि सुट्टीच्या दिवशी बोथजवळच्या आमच्या गावी, ओसरीत पाट मांडून मी विमान बांधायला घेतलं. पातळ पट्ट्या कापायच्या, नकाशावर टाचण्यांनी रोवायच्या, चिकटवायच्या. सांगाडा तयार झाला आणि अडलं. जुन्या काळी अशा पंखांवर रेशीम ताणायचे. रेशीम आणू कुठून?

आईनं पेटीतून तिचा लग्नातला डाळिंबी शालू काढला. "काठ मले ठेव. मधलं तू घे."

मी नको नको म्हणाले. घरात दुसरं रेशीम नाही. विमान पडलं तर शालू गेला. पण तिनं कात्री लावली होती. ओलं रेशीम पंखावर ताणून बसवलंही तिनंच, एक सुरकुती न ठेवता. वरून लाखेसारखं डोप लावताना मात्र नाकाला पदर. "काय वास हाये वं! म्हशी दूध नाई देणार."

बाबा कापूस वेचणीत अडकलेले, म्हणून आई निघाली. बोथहून गुडिहत्नूर, तिथे बस बदलून इंद्रवेल्ली, उटनूर, जन्नारममार्गे मंचेरियाल. आधार कार्ड विसरू नका. तेलंगणात राहणाऱ्या बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये शून्य तिकीट मिळतं. कंडक्टरनं खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, काय आहे? आई अभिमानानं म्हणाली, "विमान!"

"विमानं उंदि गा, मळ्ळी बस्सेंदुकु?" विमान आहे ना, मग बस कशाला? सगळी बस हसली. आईला अर्थ मी सांगितला, तेव्हा ती उशिरानं एकटीच हसली आणि उटनूरपर्यंत हसतच राहिली.

उटनूरला बस थांबते तिथे मिरची भजी गरम मिळतात. आमच्याकडे भाकरी-ठेचा होता, तरी भजी घेतली. पुढे जन्नारमचं सागाचं जंगल. खिडकीतून गार वारा, दोन्ही बाजूंना वाळलेली मोठमोठी पानं. आई खोक्यावर हात ठेवून झोपली. मंचेरियालहून बेल्लमपल्ली जवळच आहे, बस किंवा रेल्वे, जे आधी मिळेल ते.

मुक्काम शंकरय्या सरांकडे. हे खाणीतून निवृत्त झालेले, या मेळाव्याचे कर्तेधर्ते. त्यांच्या बायकोनं तव्यावर सर्वपिंडी लावली. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, हरभऱ्याची डाळ. त्यांना मराठी येत नाही, आईला तेलुगू. तरी स्वयंपाकघरातून दोघींचा आवाज थांबेना. संध्याकाळी सरांनी माझं विमान जोडून पंखांखाली दोन बोटांवर तोललं. नाक किंचित हलकं होतं. मी आत शिशाची पट्टी चिकटवली, विमान बोटांवर सरळ राहिलं. "बस, बेटा. कल उड़ता."

सकाळी वारा नव्हता. मैदानावर पिवळी, निळी, लाल विमानं मांडलेली, आणि त्यांच्यामध्ये गुडघ्यावर बसलेली मोठी माणसं. मी शेपटी रबरांनी बांधली, पंख चढवले. आई बाभळीखाली उभी राहिली, हात जोडून.

विमान धावलं, उठलं. मग नाक वर गेलं. आणखी वर. मी रिमोटची काडी पुढे दाबत होते आणि ते ऐकतच नव्हतं. हवेत क्षणभर उभं राहिलं आणि एका पंखावर गवतात कोसळलं.

माझ्याआधी आई पोचली. "मोडलं काय वं?" पंखाच्या टोकाची एक फासळी तुटली होती. रेशमाला ओरखडाही नव्हता; तुटलेलं लाकूड त्यानंच धरून ठेवलं होतं.

"पीछे वजन है," सर म्हणाले. मला पटेना, काल तर तोललं होतं. शेपटीची रबरं काढली. तिच्याखालच्या पोकळीत आत खोल काळ्या फडक्याची पुरचुंडी घट्ट बसवलेली. आत बिब्बा, कोळशाचा खडा, मिरची आणि एक लहानसं लिंबू.

"आई!"

"नजर लागते ना. इतकं सुंदर झालं होतं. रात्री तू झोपल्यावर ठेवलं."

"मग शेपटीत काऊन घातलं?"

"पुढं बांधलं असतं तर फेकलं असतं तू. स्कूटीचं लिंबू नाई फेकलं?"

खरंच फेकलं होतं. वर अंधश्रद्धेवर भाषणही दिलं होतं, चहा गार होईपर्यंत. सरांनी पुरचुंडी तळहातावर तोलली आणि त्यांना हसू आवरेना. "अम्मा, नींबू तो गाड़ी के आगे बाँधते!"

आई हसली नाही. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "राहू दे आई, आता नको उडवायला. शालू वाचला तेवढं बरं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "पेटीत ठेवून काय केलं मी त्याचं? दोनदा नेसली, बाकी कसर खाऊन राह्यली होती. मले तो वर पाहाचा हाये. उडव."

फासळी चिकटवली. नाकातली शिशाची पट्टी काढली. मग पुरचुंडी आईच्या हातात दिली. "घे, पुढे बांध. घट्ट बांध, हलायला नको." तिनं ती मोटरमागे काळ्या दोऱ्यानं आवळून बसवली. पुन्हा दोन बोटांवर तोललं. शिशाचा एक लहानसा तुकडा कापून परत लावला आणि विमान सरळ राहिलं. वजन ते वजन; त्याला शिसं काय आणि बिब्बा काय!

या वेळी ते धावलं आणि अगदी सावकाश, जमिनीला न कळता, वर गेलं. मी एक मोठं वळण घेतलं. क्वार्टर्सच्या छतांवरून उन्हात आलं तेव्हा रेशीम आतून उजळलं. एकेक फासळी दिसत होती, आणि सगळं डाळिंबी. मग आई ओरडली, "माहा शालू! पाहा वं, माहा शालू!" तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या सगळ्यांना समजलं.

उतरवल्यावर ती म्हणाली, "पाह्यलं? नजर उतरली." मी म्हटलं, "गुरुत्वमध्य पुढे आला." दोघीही आपापल्या जागी ठाम, आणि दोघींनी मिळून पंख खोक्यात ठेवले.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, सकाळचं उडवा, आणि मैदानावर पोचल्यावर विमान पुन्हा एकदा तोला. शेपटीत हात घालूनही बघा.

आता विमान ओसरीत आढ्याला टांगलंय. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "विमानात बसली म्हणते तू?" आई कापूस निवडता निवडता म्हणाली, "मी नाई. माहा शालू बसला."

सोमवारी कामावर निघाले तर स्कूटीच्या हँडलला ताजं लिंबू-मिरची. अगदी समोर, सगळ्यांना दिसेल असं. आई दारातच उभी होती. मी गाठ ओढून पाहिली. घट्ट होती. स्कूटी सुरू केली.