ज्ञानू हवालदारानं पारखलेली काडतुसं

कवठे महांकाळचा ज्ञानू हवालदार पलटणीतनं पेन्शनीवर आला आणि सांगलीच्या एका रायफल क्लबात पोरींना नेम शिकवायला लागला. माणूस सरळ, अगदी नको तितका सरळ.

पंच्याण्णव साली राज्य स्पर्धेला क्लबातनं एकच मुलगी जायची होती. एक ज्ञानूची लेक अक्षता, दुसरी सेक्रेटरी साहेबांची श्रद्धा. अक्षता निवडली गेली तर खेळाडूंच्या कोट्यातनं पोलिसात जायची आशा. नाहीतर जतच्या स्थळाला होकार, असं घरात ठरलेलं.

क्लबची चांगली रायफल एकच, दोघी आळीपाळीनं तीच वापरायच्या. निवडीच्या आदल्या दिवशी काडतुसांच्या दोन पेट्या आल्या. कंपनी तीच, पण माल वेगवेगळ्या वेळी भरलेला. असा माल एकाच नळीतनंही वेगळा उडतो. साहेब म्हणाले, "हवालदार, जरा पारखून सांगा."

झालं. गडी वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून आडवा पडला. पहिल्या पेटीच्या दहाही गोळ्या बंद्या रुपयाखाली झाकतील अशा बसल्या. दुसरीच्या आठ बऱ्या गेल्या, दोन खुशाल भरकटल्या. अक्षतानं नेमाचे दोन्ही कागद बघितले. अरे ज्ञानू, निदान आता तरी पेटी फोडून दोघींना वाटून दे! पण वरच्याला सांगितलं की आपलं काम संपलं, ही बावीस वर्षांची खोड. टाचा जुळवून ज्ञानू सांगून मोकळा झाला, "पहिली चोख हाय, साहेब. दोघींना पुरंल. दुसरी सरावाला ठेवा."

"सांभाळून ठेवतो," म्हणत साहेबांनी पहिली पेटी घरी नेली.

सकाळी श्रद्धापुढं पहिली पेटी होती आणि अक्षतापुढं दुसरी. ज्ञानू चार पावलांवर उभा होता. अक्षतानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि आडवी पडली. साठातल्या तीन गोळ्या भरकटल्या. चार गुणांनी ती हरली.

"पेटी बदलल्याली दिसली न्हाई का, आबा?" तिनं विचारलं.

"दिसली."

"मग बोलला का न्हाई?"

"साहेब हुते गं."

पुढच्या महिन्यात लग्न होऊन जतला जाताना अक्षता सगळ्यांच्या पाया पडली, बापाच्याही पडली. पण मान वर करून त्याच्याकडं बघितलं नाही.