उणे अडतीसमधलं खुराडं

धम्मानंद गायकवाड महाडजवळच्या एका गावचे. जहाजावर इंजिनिअर म्हणून बावीस वर्षं काढली, मग सिंगापूरला सेंबवांगच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत नोकरी धरली आणि वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. वय एकसष्ट. बोलणं मोजकं. जहाजावरच्या गमतीजमती कधीमधी सांगत, पण थंडीचा विषय निघाला की उठून गॅलरीत जात. बायको नंदाला ते ठाऊक होतं. कारण मात्र ठाऊक नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी दीक्षा कॅनडात, सस्कॅटूनला, विद्यापीठात मातीवर संशोधन करायची. नवरा उज्ज्वल खाणीत इंजिनिअर, दोन आठवडे कामावर आणि एक आठवडा घरी. एकटेपणा जाईना म्हणून तिनं उन्हाळ्यात परसात खुराडं बांधून आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. कोंबड्यांना नावं दिली काया, मायलो, पंदान अशी, सगळी सिंगापूरच्या कॉफीशॉपच्या फळ्यावरच्या खाण्यापिण्याची. कोंबड्याचं नाव अंकल. वुडलँड्समध्ये सकाळचे साडेसहा वाजले की तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होत असे. कोंबड्या कोंडता कोंडता दीक्षा व्हिडिओ कॉल लावायची आणि नंदा पोळ्या लाटता लाटता बोलायची.

जानेवारीतल्या एका सोमवारी दीक्षानं बाबांनाच फोनवर बोलावलं.

"बाबा, उद्या रात्री उणे अडतीस म्हणतायत. तुम्ही तर बर्फाच्या समुद्रात जहाजं चालवलीत. हिमदंश होऊ नये म्हणून काय करायचं?"

धम्मानंदांनी कपबशी खाली ठेवली. "खुराडं दाखव."

तिनं फोन आत फिरवला. प्रत्येक फट तिनं चिकटपट्टीनं बुजवली होती, खिडकीवर बाहेरून प्लास्टिक ठोकलं होतं, कोपऱ्यात पाण्याचं भांडं होतं. काचेवर आतून पाणी ओघळत होतं.

"हे पाणी कुठून आलं?"

"कोंबड्यांच्या श्वासातून असेल. पण आत छान उबदार आहे, बाबा."

"उबदार नाही, दमट आहे. कोरडी थंडी कोंबडी पिसं फुगवून सोसते. ओल तुऱ्यावर बसली की तिथंच गोठते. वरच्या बाजूच्या, छताखालच्या फटी उघड. वारा त्यांच्या अंगावर यायला नको, पण ओली हवा बाहेर गेली पाहिजे. पाणी रात्री आत ठेवू नकोस. भुसा बदल, कोरडा आणि जाड टाक. आणि बसायला ही गोल काठी नको, चपटी रुंद फळी लाव. म्हणजे बोटं पोटाखाली घेऊन बसतील."

"आणि व्हॅसलीन? सगळे म्हणतात तुऱ्याला लावा."

"लाव हवं तर. ओल तशीच राहिली तर व्हॅसलीन काय करणार?"

दीक्षा हसून आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आयो बाबा, एकतीस डिग्रीत बनियनवर बसून मला उणे अडतीस शिकवताय! उघडं ठेवलं तर मरतील लाह."

तिनं भुसा बदलला, पाणी उचललं, फळीही लावली. फटी मात्र उघडल्या नाहीत. भीती वाटली तिला. ज्यानं ती थंडी अंगावर घेतली आहे त्याला ती भीती समजेल.

मंगळवारी रात्री नऊला फोन आला; तिकडे सकाळ झाली होती. दीक्षा तळघरात जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली काया होती. शेजारच्या खोक्यात अंकल. त्याच्या तुऱ्याची टोकं पांढरीफटक पडली होती. कायाच्या दोन्ही पायांची बोटं मेणासारखी दिसत होती. दीक्षाच्या हातात केस वाळवायचा ड्रायर होता आणि तो सुरू होता.

"बंद कर!" धम्मानंद ओरडले. स्वयंपाकघरातून नंदा धावत आली. इतक्या वर्षांत तिनं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"पण गरम करायला नको का?"

"तिला चटका कळत नाहीये. भाजलं तरी पाय मागे घेणार नाही ती. चोळायचंही नाही. तुऱ्याला हात लावू नकोस, कोरडाच राहू दे. बादलीत कोमट पाणी घे, चाळीस डिग्री, थर्मामीटरनं मोज. पाय वीस मिनिटं बुडवून ठेव. पाणी निवलं की कोमट पाणी घाल, पण पायावर ओतू नकोस."

दीक्षा सांगितल्यासारखं करत गेली. दहा मिनिटांनी बोटं लाल व्हायला लागली आणि काया ओरडू लागली. तो आवाज कोंबडीचा वाटत नव्हता. धम्मानंदांनी डोळे मिटले.

"दुखणार," ते म्हणाले. "जीव परत येतोय तिथं. पाय टिपून कोरडे कर, पुसू नकोस. फोड आले तर फोडायचे नाहीत. पुढं काळं पडेल तेही कापायचं नाही, खालची जखम तेच झाकून ठेवतं. जनावरांच्या डॉक्टरला फोन करून दुखण्याचं औषध विचार. माणसांच्या गोळ्या देऊ नकोस. आणि हे दोघं आता तळघरातच राहतील. एकदा सुटलेलं पुन्हा गोठता कामा नये."

"किती दिवस?"

"बरे होईपर्यंत."

"बाबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"जहाजावर शिकवतात," ते म्हणाले आणि फोन नंदाच्या हातात दिला.

त्या दिवशी दीक्षानं छताखालच्या फटी उघडल्या. दुसऱ्या दिवशी काच कोरडी होती आणि बाकीच्या कोंबड्या धडधाकट होत्या.

काया मात्र खोक्यात खात नव्हती. दुसऱ्या कोंबड्यांचा आवाज वरून आला की मान उंचावून बघायची. सहाव्या दिवशी दुपारी ऊन पडलं, पारा उणे नऊवर चढला. त्या गावाला ती ऊबच. दीक्षाला वाटलं, दोन तास तिला सोबतीला सोडावं, नाहीतर नंतर बाकीच्या तिला कळपात घेणार नाहीत, टोचून मारतील. तिनं कायाला खुराड्यात ठेवलं आणि विद्यापीठात गेली. चारला परत यायचं होतं. तिसऱ्या प्रहरी बर्फाचं वादळ आलं, रस्ता बंद झाला, आणि ती घरी पोचली तेव्हा सात वाजून गेले होते. बाहेर उणे सत्तावीस.

सिंगापूरमध्ये सकाळचे नऊ वाजले होते. धम्मानंद गोदीत एका जहाजाच्या पंपाचा कागद तपासत होते. दीक्षाचं नाव दिसलं तसे बाहेर उन्हात आले. मागं वेल्डिंग चाललं होतं.

काया फळीवर चढू शकली नव्हती. दुखऱ्या पायांनी भिंतीशी जमिनीवरच बसून राहिली होती. आता तिचे पाय गुडघ्यापर्यंत करडे झाले होते, आणि दीक्षानं खोक्याच्या कडेला टेकवले तेव्हा लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला.

"कोमट पाणी घेऊ, बाबा?"

धम्मानंदांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते पाय पाहिले.

"बाबा, बोला ना!"

"आता नाही उपयोग, बाळा. डॉक्टर?"

"हायवे बंद आहे. उद्या दुपारपर्यंत तरी. फोनवर बोलले मी. ते म्हणाले, पाय गेलेत, तिला असं ठेवू नका. कसं करायचं तेही सांगितलं त्यांनी. माझ्या हातून नाही होणार."

धम्मानंदांच्या आईनं गावी कोंबड्या पाळल्या होत्या. आजारी कोंबडी ती पदराआड नेऊन एका झटक्यात मोकळी करायची. त्यांनी लहानपणी ते पाहिलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी दीक्षाकडून पुन्हा वदवून घेतलं, हात कुठं धरायचा ते दोनदा विचारलं, आणि म्हणाले, "फोन उभा करून ठेव. मी आहे इथं. टॉवेलात घे म्हणजे तिला दिसणार नाही. हात आखडता घेऊ नकोस. अर्धवट झालं तर तिचे हाल होतील."

दीक्षानं केलं. एकदाच, नीट. मग टॉवेल तसाच मांडीवर धरून बसून राहिली.

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतंत, पुन्हा गोठू देऊ नकोस म्हणून. पण तुम्ही दहा गोष्टी सांगितल्यात, त्यातली ती एक. इतकी मोठी असेल असं वाटलं नाही मला."

"सांगायला हवं होतं मी," धम्मानंद म्हणाले. "का, ते सांगायला हवं होतं."

आणि तिथंच, गोदीच्या पत्र्याच्या सावलीत उभं राहून त्यांनी मुलीला सगळं सांगितलं.

तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते, एका मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. रशियाच्या पूर्वेकडचं बंदर, फेब्रुवारी. नांगराच्या यंत्राची तेलाची नळी फुटली होती आणि बर्फ घट्ट व्हायच्या आत निघायचं होतं. हाताखाली धनेश पवार नावाचा फिटर होता, गुहागरचा. जाड हातमोज्यांत पाना धरता येईना म्हणून धम्मानंदांनीच त्याला पातळ मोजे घालायला सांगितले. चाळीस मिनिटांनी धनेश आत आला तेव्हा त्याची बोटं पांढरी पडली होती. धम्मानंदांनी ती खसाखसा चोळली, वाफेच्या नळीला टेकवली. धनेशला काही कळत नव्हतं. कातडी नळीला चिकटली तेव्हा दोघांना कळलं. मग बोटांत जीव आला आणि तो गडी, सहा फूट उंचीचा, इंजिनरूममध्ये लोळला.

"तेवढ्यात वरून फोन आला, नळी परत गळतेय. मी त्याला म्हटलं, धनेश, दहाच मिनिटं. तो म्हणाला, सेकंडसाहेब, हात वळत नाहीत हो. मी म्हटलं, जा. मी जाऊ शकत होतो, दीक्षा. माझे हात धड होते. मी गेलो नाही."

आठ बोटं गेली धनेशची. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की फिटरनं सूचना न पाळता मोजे काढले. खाली सही करायला कागद आला. धम्मानंदांनी सही केली. त्यांची पुढची बढती सहा महिन्यांवर होती.

मग दीक्षानं विचारलं, "त्यांना फोन केलात कधी?"

"नाही."

"एकोणतीस वर्षांत?"

"नाही."

तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला की दुसरं काही, ते त्यांना कळलं नाही.

रविवारी त्यांनी जुन्या जहाजातल्या एका माणसाकडून गुहागरचा नंबर मिळवला. फोन धनेशच्या बायकोनं उचलला. गिरिजा तिचं नाव. धनेश तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला, असं तिनं आधी सांगितलं, आणि मग विचारलं, कोण बोलतंय.

"मी धम्मानंद गायकवाड. त्या जहाजावर सेकंड इंजिनिअर होतो."

तिकडे तिनं पंखा बंद केला असावा, त्याचा आवाज थांबला.

"तो कागद आमच्याकडे आला होता," गिरिजा म्हणाली. "त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण तुमची सही ओळखली त्यांनी."

"वहिनी, ते खोटं होतं. मोजे मीच बदलायला लावले. दुसऱ्यांदा मीच पाठवलं."

"आम्हाला ठाऊक आहे. ते जागेवर होते ना."

"त्यांना राग होता का माझा?"

"होता. शेवटपर्यंत होता. उगाच तुमचं मन राखायला खोटं कशाला बोलू? शर्टाची बटणं मी लावायचे रोज. रोज आठवण निघायची तुमची."

धम्मानंदांना माफी मागायची होती. ती त्यांनी मागितली नाही. त्यांनी विचारलं, मी काही करू शकतो का.

"आमची उत्कर्षा आहे," गिरिजा म्हणाली. "शाळेत शिकवते. तिला बापाचा राग होता, की यांनी निष्काळजीपणा केला आणि घर बुडवलं. यांनी सांगून पाहिलं, पण कागदावर दुसरंच लिहिलेलं. तुम्ही खरं काय ते लिहून पाठवा. मराठीत. सहीसकट."

त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून दोन पानं लिहिली. लिहून झाल्यावर नंदापुढे ठेवली. नंदानं शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, "तीस वर्षं माझ्या हातचं जेवलात आणि हे पोटात ठेवलंत." दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कामावर निघताना त्यांचा डबा भरलेला होता, पण ती आपल्या खोलीतच होती. धम्मानंदांनी पत्र वुडलँड्सच्या पोस्टातून रजिस्टर केलं.

सस्कॅटूनला अंकलच्या तुऱ्याची टोकं काळी पडली आणि मार्चमध्ये आपोआप गळून गेली. आता तो बसका, ओबडधोबड दिसतो, पण आरवतो. सात कोंबड्या हिवाळ्यातून निभावल्या. दीक्षाचे फोन पुन्हा येऊ लागले, आधी फक्त आईला, मग एकदा बाबांना. पुढच्या हिवाळ्याआधी खुराड्याच्या भिंतीत हवेसाठी झरोका कुठं पाडायचा, हे तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं. दुसरा कुठला विषय कुणी काढला नाही.

मे महिन्यात एका दुपारी गोदीत असताना अनोळखी भारतीय नंबरावरून निरोप आला. उत्कर्षाचा होता. एवढंच लिहिलं होतं: "पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. बाबांच्या फोटोखाली ठेवलंय. कृपा करून पुन्हा फोन करू नका."

धम्मानंदांनी तो दोनदा वाचला. मग शिटी झाली, जहाज गोदीतून पाण्यात उतरवायची वेळ झाली होती, आणि ते हेल्मेट चढवून धक्क्याकडे गेले.