गाळलेली दोन वाक्यं

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच होती. दर शनिवारी संध्याकाळी ती कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभेला जमत. गाणी कुणीही धरी, वाचन पुरुषांपैकी कुणी करी, पण शेवटची प्रार्थना मात्र हेमलता आढावनंच करायची, हे न ठरवता ठरून गेलं होतं. तिचा आवाज तसाच होता. राहुरीच्या मिशन शाळेत तिचे वडील शिक्षक होते. मुलीला समोर उभं करून ते रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावत आणि शेवटचं अक्षर गिळलं की पान पुन्हा पहिल्यापासून. त्या आवाजानंच तिला नोकरी दिली असं म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन दिल्लीत आल्यावर तिनं हिंदी शॉर्टहँडची परीक्षा दिली आणि एका केंद्रीय खात्यात स्टेनो म्हणून लागली. नवरा गुलाबराव दुसऱ्या खात्यात होता. मुलगी चेतना दिल्लीतच वाढली.

ही गोष्ट १९९४ सालची. यमुनेपलीकडे शेतं सपाट करून नवे सेक्टर आखले जात होते. तिथं एका सरकारी वसाहतीच्या पायाचं काम चालू असताना खड्ड्याची एक बाजू ढासळली आणि तीन मजूर मातीखाली गेले. हेमलताच्या खात्यानं चौकशी लावली. साक्षी उतरवून घ्यायला तिला नेमलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी भानुमती नावाची बाई साक्षीला आली. मध्य प्रदेशातल्या छतरपूरकडची, वय तिशीच्या आतबाहेर. मेलेल्या तिघांत तिचा नवरा होता आणि तीही त्याच कामावर होती. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी ती भिंतीला टेकून खालीच बसली. ती न रडता, न थांबता बोलत गेली आणि हेमलताची पेन्सिल तिच्यामागून चालत राहिली. बोलता बोलता ती म्हणाली, "किनारे पे दरार पड़ गई थी, हमने मुंशी से दो बार कहा था. वो बोला, पहले काम खतम करो."

जबानी संपली. हेमलता टाइप करायला बसली तेव्हा पाच वाजत आले होते. चौकशी अधिकारी तिच्या टेबलाशी आले. भला माणूस होता, कधी कुणावर आवाज चढवायचा नाही.

"हेमलता जी, ये मुंशीवाली दो लाइनें रहने दीजिए," ते म्हणाले. "सुनी-सुनाई बात है."

सुनी-सुनाई नव्हती. बाईनं स्वतः मुन्शीला, ठेकेदाराच्या कामावरच्या माणसाला, सांगितलेलं होतं. हे हेमलताच्या लक्षात आलं आणि लक्षात येऊन तसंच राहिलं. साहेबांनी धमकावलं नव्हतं, कसलं आमिष दाखवलं नव्हतं. साडेपाचला ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस सुटायची, ती चुकली की दोन बस बदलत घरी जायला साडेसात वाजत. तिनं "जी" म्हटलं आणि ती दोन वाक्यं सोडून पुढचं टाइप केलं.

वाचता न येणाऱ्या साक्षीदाराला जबानी वाचून दाखवायची आणि मग अंगठा घ्यायचा, असा नियम होता. वाचायचं काम हेमलताचंच. ती वाचू लागली. भानुमती तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती, जणू एकेक शब्द मोजून घेत होती. ती जागा आली. कागदावर पुढचं वाक्य होतं, पण हेमलताच्या तोंडून ती गाळलेली दोन वाक्यं बाहेर पडली. स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदावर लिहिलेली असावीत तशी. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. भानुमतीनं समाधानानं मान हलवली. हेमलतानं तिचा अंगठा शाईच्या पॅडवर धरला आणि कागदावर टेकवला.

बस मिळाली. खिडकीजवळची जागाही मिळाली.

अपघात मजुरांच्याच बेसावधपणामुळे झाला, असा अहवाल पावसाळ्याआधी गेला. फाइल बंद झाली.

आपल्याला टोचणी लागेल, झोप उडेल, असं हेमलताला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. झोप छान लागे. जेवण जाई. फक्त आतून कुठलीच गोष्ट लागेनाशी झाली. दाताच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं. त्या दिवाळीच्या सुट्टीत तिची आई राहुरीला वारली. कबरीवर मूठमूठ माती टाकताना सगळ्या बहिणी रडल्या. हेमलता आपल्या चपलेला लागलेली माती बघत उभी राहिली. परतीच्या गाडीत चेतनानं विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना?" ती म्हणाली, "बिल्कुल ठीक." आणि ते तिला खरंच वाटलं.

प्रार्थना मात्र आधीपेक्षा सुंदर होऊ लागल्या. शब्द आपोआप येत, एकामागून एक, योग्य जागी थांबत. बायका डोळे पुसत. "हेमलताच्या प्रार्थनेत जीव आहे," असं पाळकसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. हेमलताच्या मनात येई, ही बाई छान वाचते. समोर कागद नाही, तरी वाचतेय. एकटी असताना तिनं प्रार्थना करणं कधी सोडलं, ते तिला सांगता आलं नसतं. शनिवारची तेवढी उरली होती.

अशी दोन वर्षं गेली.

९६ च्या सप्टेंबरात शांताराम कसबे वारले. सभेतले सगळ्यांत जुने. त्यांची बायको सुमित्राबाई पन्नाशीच्या पुढची, फटकळ. तीनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी हेमलता त्यांच्याकडे गेली. असं भेटायला जाणं आणि प्रार्थना करून येणं हेही तिच्याकडेच असे. सुमित्राबाई उन्हात मटार सोलत बसल्या होत्या.

हेमलतानं थोडं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग हात जोडत म्हणाली, "चला, आपण प्रार्थना करू या."

"थांब जरा," सुमित्राबाई म्हणाल्या. "तुला एक विचारायचंय. हे गेल्यापासून मला प्रार्थना करताच येत नाही बघ. तू करतेस, मी मागून आमेन म्हणते, पण आत दगड असतो नुसता. तुझं तसं कधी झालं नसेल, म्हणून विचारते. मला काही झालंय का?"

"असं होतं सुमित्राबाई, दुःखात होतं," हेमलता म्हणाली. "प्रभू जवळच असतो. मला तर प्रार्थना करताना नेहमी जाणवतं."

वाक्य पुरं झालं. शेवटचं अक्षरही स्पष्ट आलं. सुमित्राबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, खरं मानून, आधार घेऊन. असंच कुणीतरी आपल्या ओठांकडे बघत होतं, हे हेमलताला आठवलं.

"नाही जाणवत," ती म्हणाली.

"काय?"

"मला काही जाणवत नाही. दोन वर्षं झाली. मी खोटं बोलले आत्ता. दर शनिवारीही बोलते."

मग तिनं सगळं सांगितलं. ते सांगतानाही आवाज कापला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. एखाद्या दुसऱ्याच बाईचं सांगावं तसं सांगितलं. सुमित्राबाईंनी मटाराची शेंग हातात तशीच धरून ठेवली होती.

"हे देवाला सांगितलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांगितलं. पहिल्या आठवड्यातच. चांगल्या शब्दांत सांगितलं."

"आणि तिला?"

"कुणाला?"

"जिचा अंगठा धरलास तिला."

दोन वर्षांत हे हेमलताच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"मग आज प्रार्थना नको," सुमित्राबाई म्हणाल्या. "चहा ठेवते."

त्या संध्याकाळी तिनं गुलाबरावांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंदच केला.

"फाइल बंद आहे ना? मग आता कोण उघडतंय ती?" ते म्हणाले.

"मी उघडते."

"हेमा, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ शकते."

"त्या बाईचा नवरा परत येणार आहे का यानं?"

"नाही."

"मग?"

"अहो, मला 'मग'चं उत्तर माहीत नाही. मी अंगठा खोट्यावर घेतला, एवढं माहीत आहे."

गुलाबराव उठून बाल्कनीत गेले. आत येऊन म्हणाले, "लिहिशील ते मला दाखव आधी. निदान भाषा तरी सांभाळून लिही." तिनं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही.

तिची शॉर्टहँडची वही कपाटात होती. जुन्या वह्या रद्दीत घालायच्या असत, ही तेवढी राहिली होती. तिनं त्या पानांची नक्कल जोडून अर्ज दिला. कोणती दोन वाक्यं गाळली, कुणी सांगितलं, आणि वाचून दाखवताना आपण स्वतः काय केलं, हेही त्यात लिहिलं. ते लिहिलं नसतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. जुने साहेब केव्हाच बदलून गेले होते. नव्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, आप ये क्यों कर रही हैं?" ती म्हणाली, "सर, ग़लत पढ़ा था." त्यांना ते कळलं नसावं.

खुलासा मागवला गेला. तिनं तो दिला. सहा महिन्यांनी तिच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली आणि होऊ घातलेली बढती मागे पडली. चौकशी पुन्हा उघडली नाही. तिचा अर्ज मात्र त्या फाइलला जोडला गेला, एवढंच झालं. ऑफिसात लोक तिच्याशी बेताचं बोलू लागले. तिला त्याचंही फार वाटलं नाही.

दरम्यान ती भानुमतीला शोधत होती. रविवारची उपासना झाली की यमुनेपलीकडची बस धरायची. ज्या खड्ड्यात माणसं गेली तिथं आता चार मजली इमारती उभ्या होत्या आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. तिसऱ्या रविवारी नाक्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं की छतरपूरवाले आता पुढच्या सेक्टरात आहेत, पाण्याच्या टाकीमागे.

भानुमती तिथं विटा वाहत होती. तिनं हेमलताला ओळखलं.

"तुम तो पढ़नेवाली बहनजी हो," ती म्हणाली.

हेमलतानं उभ्या उभ्याच सांगितलं. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती, ती आठवली नाहीत. तुटक तुटक बोलली.

भानुमती ऐकत राहिली. "मुंशीवाली बात? पर तुमने पढ़ी थी. हमने सुनी थी."

"पढ़ी थी. लिखी नहीं थी."

"नहीं लिखी थी," भानुमतीनं तेच म्हटलं. डोक्यावरची चुंबळ काढून ती विटांच्या थप्पीवर बसली. "तो हमारा अंगूठा किस पे लगा?"

हेमलताला उत्तर ठाऊक होतं, पण ते बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज तिच्या कामी आला नाही. शेजारी मिक्सर धडधडत होता.

भानुमतीनंच विचारलं, "अब लिखा है?"

"हाँ. अब है."

"पढ़ो."

हेमलतानं पर्समधून कागद काढला. अर्जातला तेवढा भाग तिनं स्वतःच्या अक्षरात हिंदीत लिहून खाली सही केली होती. ती वाचू लागली. ती दोन वाक्यं आली तेव्हा भानुमतीनं हात पुढे केला. "कहाँ लिखा है? दिखाओ." हेमलतानं त्या ओळींखाली बोट धरलं. विटेच्या धुळीनं लाल झालेलं आपलं बोट भानुमतीनं त्या ओळींवर ठेवलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश फिरवलं. तिचा भरवसा आता आवाजावर नव्हता.

"ये काग़ज़ हम रखेंगे," ती म्हणाली. घडी करून तिनं तो ब्लाउजमध्ये ठेवला. कुणीतरी तिला हाक मारली. चुंबळ डोक्यावर ठेवून ती गेली. माफ केलं असं म्हणाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. हेमलतानंही काही मागितलं नाही.

पुढच्या शनिवारी सभा आढावांच्याच घरी होती. वाचन झालं आणि सवयीनं सगळ्यांनी माना खाली घातल्या. हेमलता म्हणाली, "आज आधी साक्ष द्यायची आहे." एरवी या सभेत साक्ष म्हणजे प्रभूनं आपलं काय भलं केलं ते सांगायचं. तिनं भानुमतीचं सांगितलं. शेवटी सुमित्राबाईंनी, ज्यांना महिनोन्‌महिने प्रार्थना येत नव्हती, एवढंच म्हटलं, "प्रभू, आम्ही जसे आहोत तसे बसलोय." आणि सभा उठली.

त्यानंतर शेवटची प्रार्थना आळीपाळीनं होऊ लागली. हेमलताची पाळी आली की ती तीन-चार वाक्यं बोले, मध्येच थांबे, शब्द सापडला नाही तर तसंच सोडून देई. तिच्या प्रार्थनेत पूर्वीसारखं राहिलं नाही, असं दोन-तीन जणी म्हणाल्या आणि ते खरंच होतं. बधिरपणा काही एका दिवसात गेला नाही. कित्येक महिने ती पहाटे स्वयंपाकघरात स्टुलावर बसे आणि म्हणे, "प्रभू, आजही मला काही वाटत नाहीये." त्याच्यापुढे एक शब्दही जोडत नसे. जोडता आला असता, पण जोडत नसे. चेतनानं एकदा पाणी प्यायला येताना ते ऐकलं.

"आई, अशी पण प्रेयर असते?"

"माझी सध्या एवढीच आहे," हेमलता म्हणाली.

चेतनानं दुसरं स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. दूधवाला येईपर्यंत दोघी बसून राहिल्या.