सोनलचं कुलूप

चिकोडीजवळच्या साखर कारखान्यात तीन वर्षं ॲप्रेंटिस राहून, ग्रीसनं बरबटून, सोनल यंत्रं बसवायला शिकली. यंदा उसाच्या चरकाचं बेअरिंग तिनंच बसवलं. यंत्र ज्यानं बसवलं, त्यानंच हंगामाचा नारळ फोडून बटण दाबायचं, ही तिथली रीत. पण तिला काम शिकवणाऱ्या ज्योतिबा मिस्त्रींनी नारळ दुसऱ्याच फिटरला दिला आणि तिच्यापुढं आरतीचं ताट धरलं. "पोरीच्या जातीनं ओवाळायचं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फिटरनं नारळ फोडला, बटण दाबलं. चरक ढिम्म हलला नाही.

"मेन स्विचला माझं कुलूप हाय, मिस्त्री," सोनल कडाडली. "काम चालू असताना कुणी बटण दाबू नये म्हणून काम करणाऱ्यानंच लावायचं अन् त्यानंच काढायचं, तुम्हीच शिकिवलंय न्हवं? आता दुसरा नारळ आणा."