सुट्टीवरच्या माणसाला फोन करायचा नाही

वनिताताई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या नेरूळच्या ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. जासईच्या यार्डातून त्या दिवशी बरेच कंटेनर बंदरात जायचे होते. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत ते पोचले नाहीत तर जहाज चुकतं, एवढं साधं आमच्या धंद्याचं गणित आहे. ताईंच्या नवऱ्याचा आवाज मला ओळखूच आला नाही. "वर्षा, वनिता गेली गो," एवढंच म्हणाले... मी सगळ्यांना सांगितलं. माझ्या हाताखालची रेश्मा रडायला लागली, कुणी तिला पाणी दिलं, दोघं-तिघं तडक ताईंच्या घरी, बोनकोड्याला निघाले. उरलेले डोळे पुसून पुन्हा कामाला लागले. आणि कंटेनर वेळेत गेले! एक कागद चुकला नाही. निर्यात विभागाची प्रमुख बाई गेली आणि तिच्या विभागात त्या दिवशी काहीसुद्धा अडलं नाही. मला इतका संताप आला म्हणून सांगू... अडायला हवं होतं हो. निदान एक कंटेनर तरी राहायला हवा होता.

पण अडणार कसं? अडू नये याचीच तर बाईनं आयुष्यभर तयारी करून घेतली होती.

ताई बोनकोडे गावातल्या. शेती, खाडी सगळं जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, त्यातली एक त्यांच्या घरची. महिन्याला भाडं येत होतं. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला काय कमी आहे, रोज डबा घेऊन कुठं मरायला जाते? ताई हसून म्हणायच्या, "भाडं येतंय ते जमिनीचं. त्यात माजं काय हाय?" टायपिंगपासून सुरुवात करून त्या विभागप्रमुख झाल्या. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा माझी तऱ्हाच वेगळी होती. आमचं घर मूळचं परभणीकडचं, वडील कामासाठी इकडे आले, आणि ऑफिसात खुर्चीवर बसणारी घरातली मीच पहिली. ती खुर्ची सुटू नये म्हणून मी काय करत असेन? कुणाला काही सांगायचं नाही! कुठल्या गिऱ्हाईकाला कागद कसे लागतात, कुठल्या कंपनीत कुणाशी बोललं की काम होतं, सगळं माझ्या डोक्यात. माझ्याशिवाय इथलं पान हलता कामा नये, म्हणजे नोकरी पक्की, असा माझा हिशोब. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांचा आजही हाच हिशोब असणार. खोटं सांगू नका.

आणि मग आला ताईंचा नियम. प्रत्येकानं वर्षातून एकदा आठवडाभर सुट्टीवर जायचं, तेही ऐन घाईत. ऑफिसला फोन करायचा नाही, आणि ऑफिसातल्या कुणी सुट्टीवरच्या माणसाला फोन करायचा नाही. माझ्या वाट्याला मार्चअखेर आली. मार्चमध्ये सुट्टी! मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये घुसले. "ताई, मला काढायचं ठरवलंय का तुम्ही?"

"काढायचं असतं तर सुट्टी कशाला दिली असती गो?" त्या म्हणाल्या. "जा, गावी जा. ज्वारीची भाकर खा."

गावी गेले, पण जीव सगळा इथेच. आठवडा कसा काढला माझं मला ठाऊक. परत आले तर ताईंनी समोर चहा ठेवला आणि माझ्यामागे काय काय अडलं ते सांगितलं. बरंच अडलं होतं. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, बघा आता माझी किंमत! ताई म्हणाल्या, "खूश नको होऊस. जे अडलं ते तू कुनाला शिकवलं नाहीस. शिकव. हात भरलेलेच राहिले तर वरचं काम पकडशील कशानं?"

दात-ओठ खात मी रेश्माला शिकवलं. त्यातही ताईंचं लक्ष. शिकणारीच्या हातात माऊस हवा, आणि शिकवणारीनं हात मागं बांधून उभं राहायचं. रेश्मा चुकत होती, मी आतल्या आत जळत होते, आणि ताई लांबून मजा बघत होत्या. पुढच्या सुट्टीहून परत आले तेव्हा काही म्हणजे काही अडलं नव्हतं. मला रडूच फुटलं. "राग आला ना? येऊ दे," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत जाईल. आता इकडं बस." आणि त्यांनी दरांची बोलणी माझ्याकडे दिली. माझी प्रत्येक बढती अशीच रडत-रडत झाली. वाईट बातमी साहेबांना दुसरीकडून कळायच्या आत आपणच सांगायची, हेही त्यांचंच. आणि बैठकीत न समजलेलं तिथल्या तिथे विचारायचं... "एकदा येडं दिसलं तर चालतं गो, वर्षभर येडं राहू नये." आज नव्या मुली विचारतात, मॅडम, पुढं जायचं तर काय करायचं? मी ताईंचंच सांगते. माझं स्वतःचं असं त्यात काही नाही.

ताईंचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "छोटंसं हाय. आता माझी पन सुट्टी. नियम म्हाईत हाय ना?" सगळे हसलो. आणि शहाण्यासारखा नियम पाळला. एका गिऱ्हाईकानं नाकी नऊ आणले, तरी मी निभावलं. ताई आल्या की ऐटीत सांगायचं म्हणून मनात जपून ठेवलं. त्या घरी आल्या, बऱ्या होत्या म्हणे, मग पुन्हा दवाखाना... आणि मग तो फोन.

तेरावं झालं आणि साहेबांनी बोलावलं. "ताईंची जागा तू घे." मी म्हटलं, विचार करते. पण विचार कसला, नुसती तगमग. घेतली तर पंधरा दिवसांत बाईची जागा भरली असं होणार. नाही घेतली तर त्यांनी मला शिकवलं कशाला? मंडईत भाजी घेता-घेता हेच डोक्यात, ताटावर बसले तरी हेच. शेवटी साहेब म्हणाले, सोमवारी सांग, नाहीतर बाहेरून माणूस आणतो. रविवारी मी बोनकोड्याला गेले. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, ताईंच्या नवऱ्यालाही मी दाजीच म्हणते. सगळे दिवस एकच गोष्ट टोचत होती, ती तोंडातून निघाली. "दाजी, सुट्टीत ताईंचा फोन बंदच होता ना?"

"नाय गो," दाजी म्हणाले. "चालूच होता. उशाशी ठेवायची. वाजला की बघायची, तर बँकवाले नायतर प्लॉटवाले."

"मग?"

"मला दाखवायची. 'बगा, एकीचाबी फोन नाय. पोरी तयार झाल्या माझ्या.' खूश व्हायची."  दाजी खिडकीकडे बघत म्हणाले, "आनि थोड्या येळानं परत फोन हातात घेऊन बघायची."

मी तिथेच हमसून रडले. दाजींनीच मला चहा करून दिला.

सोमवारी साहेबांना हो म्हणाले. आता मी ताईंच्या केबिनमध्ये बसते. सुट्टीचा नियम तसाच ठेवलाय. तो मोडला तर पोरी पुढं जाणार कशा? या आठवड्यात रेश्मा सुट्टीवर आहे, माहेरी, चिपळूणकडे. दिवाळीआधीची घाई आहे आणि तिच्यामागे काहीही अडलेलं नाही. काल दुपारी मी केबिनचं दार लावलं आणि तिला फोन केला.

"काय अडलं, मॅडम?" ती घाबरूनच गेली.

"काही नाही अडलं."

"मग? कंटेनर राहिला का? मी अर्जंट बघते..."

"अगं, सगळं गेलं वेळेत. माझं काही काम नाही."

 मग ती हळूच म्हणाली, "मग... बोला ना."

काम नसताना काय बोलतात, ते ताईंनी आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं. मी विचारलं, "जेवलीस का?"