पंपाचा पितळी पंखा

खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जलशुद्धीकरण केंद्रातली ती चोरी मनातून जात नाही. सत्तरच्या दशकात मी नागपुरात फौजदार होतो. केंद्रातल्या एका पंपाचा, आतून पाणी ढकलणारा पितळी पंखा गेल्याची फिर्याद आली. पंप इंग्रजांच्या काळातला, तरी ठणठणीत. नवा आला म्हणून त्याचा भंगारात लिलाव ठरला होता.

रिवाजाप्रमाणे आम्ही भंगारवाले पालथे घातले. काही लागलं नाही. मग महाल भागातला एक सायकलरिक्षावाला, आमचा जुना खबरी, स्वतःहून ठाण्यात आला.

"साहेब, केंद्रावरून एका फिटरबुवाले घरी सोडलं. मांडीवर पोतं. सारा रस्ता म्हणे, हळू चालव गा, धक्का नको बसू देऊ. मले वाटलं, पोत्यात दही हाय का काय!"

फिटरच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याला ठाण्यात आणलं. मी हात उगारला नाही. घटनास्थळी पंपाचं झाकण नीट बसवलेलं होतं, बोल्टांना ताजं ग्रीस होतं, आणि तेच मला खटकत होतं. मी मुद्दाम म्हणालो, "चोरच तो. पंप उघडा टाकून पळाला."

"उघडा काहून टाकीन साहेब? आतमधी कचरा जाते ना!"

बोलून गेला आणि त्यानं मान खाली घातली. "चालता पंप भंगारात काढून राहिले होते. पंखाच नसला तं लिलाव थांबन, असं वाटलं मले."

पंखा त्याच्या खोलीत, गव्हाच्या कोठीत सापडला. तेल लावून जुन्या धोतरात गुंडाळलेला. फिर्यादीत होतं तसंच मी मोठ्यानं म्हणत पंचनाम्यात लिहू लागलो, "पितळी भंगार, नग एक."

त्यानं हात जोडले. "मले चोर लिहा साहेब, पण त्याले भंगार नका लिहू."

मी लिहिलंच. कागद फिर्यादीशी जुळायला हवा होता. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, पेन्शन गेलं. पंखा मुद्देमालात अडकला आणि लिलाव मात्र खरंच थांबला.

पुढच्या उन्हाळ्यात नवा पंप बंद पडला. शहराचं पाणी तुटलं. कोर्टाच्या हुकमानं मी पंखा केंद्रावर पोचवला. तो बसवणं दुसऱ्या कुणाला जमेना, तेव्हा शिक्षा भोगून सुटलेल्या त्या फिटरलाच बोलावणं गेलं. तो आला.

गुन्हा उघडकीला आणणं मला येत होतं. समोरच्या माणसानं काय जपलंय, तेही पाहावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार लाज वाटली.

पंखा हातात घेऊन त्यानं विचारलं, "आणताना धक्का तं नाही बसला ना साहेब?"

"नाही," मी म्हणालो. जीपच्या मागे टाकून आणला होता.