पेडलमधला फट्ट आवाज

“आवाज नाहीये, भिया. मी चेक केलं न.”

एवढं म्हणून काका स्क्रूड्रायव्हरचं टोक रिलेवर टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग डोळे उघडून मान हलवायचे. त्यांच्या लेखी विषय संपला. माझा मात्र तिथूनच सुरू व्हायचा, कारण स्पीकरमधून ‘फट्ट’ असा आवाज आलेला मी नुकताच ऐकलेला असायचा.

ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर राहायचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, असं ते पहिल्या भेटीतच सांगायचे. स्वतः त्यांनी उभा जन्म रिलेंच्या फौजेत काढला होता. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच. जुन्या एक्स्चेंजमध्ये असे हजारो असत, आणि कुठला आजारी आहे हे ते कडकडाटावरून ओळखत.

मी नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलो. रविवारी ऑफिसातल्या तिघांबरोबर गिटार वाजवतो. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये पेडल नावाची एक डबी असते. पायानं दाबली की सुराला घुमारा येतो, पुन्हा दाबली की मूळ सूर. तिचा खटका जोरात दाबावा लागतो, आणि अपघातानंतर माझ्या उजव्या घोट्यात प्लेट आहे. प्रत्येक दाबाला कळ यायची. म्हणून मला हलकं बटण हवं होतं, ज्याच्या मागे खरं काम रिले करील. कृष्णपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानदारानं काकांचा पत्ता दिला.

काकांना कल्पना फार आवडली. पेडल बंद असताना सूर सरळ आत येणार आणि सरळ बाहेर जाणार. “बीच में कोणी नाक खुपसायचं नाही. सही है,” ते म्हणाले. आठ दिवसांत सर्किट तयार झालं. बटण लोण्यासारखं दबत होतं. फक्त दाबलं की स्पीकर फट्ट करायचा.

मी सांगितलं. ते म्हणाले, नाहीये. मी पुन्हा दाबून दाखवलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि सांगितलं की रिले एकदम मक्खन चालतोय. असे सलग चार शनिवार गेले. मी दुखरा पाय घेऊन जिना चढायचो, काकू पोहे द्यायच्या, काका माझ्या समाधानापुरती एखादी वायर बदलायचे आणि मी तोच फट्ट घेऊन घरी परतायचो. तुम्हालाही असे कारागीर भेटले असतील. हात सोन्याचे, पण आपली तक्रार म्हणजे त्यांना आपल्या मनाचा खेळ वाटतो.

पाचव्या आठवड्यात महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. सावकाश, हळव्या चालीचं गाणं होतं. मी बटण दाबलं आणि हॉलमध्ये फटाका फुटल्यासारखं झालं. पहिल्या रांगेतल्या आजींनी छातीवर हात ठेवला. कडवं संपल्यावर मला ते बंद करायला पुन्हा दाबावंच लागलं. त्यानंतर आजी गाणाऱ्याकडे बघेनात, माझ्या पायाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी मी पेडल काकांच्या टेबलावर जवळजवळ आपटलं.

“काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

मी ते रागानं बोललो होतो, जसं आपण कोणालाही बोलतो. पण काकांनी सोल्डरिंगचं बटण बंद केलं आणि टेबलावरचे तुकडे बोटानं एका बाजूला सारू लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“नाही येत त्यांना,” त्या म्हणाल्या. “समोर बसून बोललं तर समजतं, ओठ बघून. बाकी काही नाही. दोन साल झाले. मशीन लावा म्हटलं तर ऐकत नाहीत.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. स्क्रूड्रायव्हर हाडाला लावून त्यांना रिलेची टिकटिक कळायची, तेवढीच. स्पीकरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. मी माफी मागू लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं, समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणाले, “बस. आवाज आला की बोट वर कर.”

त्या दिवसापासून मी त्यांचा कान झालो. ते बटण दाबायचे, माझं बोट वर जायचं. पहिलं कारण दोन दिवसांत सापडलं. एका कंडेन्सरमधून किंचित वीज झिरपून वायरवर साठत होती, आणि रिले जोडला गेला की ती एकदम निसटत होती. तिला सतत वाट मिळावी म्हणून त्यांनी एक रेझिस्टर लावला. फट्टचा टप्प झाला. पण टप्प जाईना. मग रिले पालटताना क्षणभर सूरच दाबून धरायचा असं त्यांनी ठरवलं. तो क्षण कधी लवकर यायचा, कधी उशिरा. दोन बोर्ड जळाले. महिना गेला. एकदा त्यांनी चिमटा भिंतीवर भिरकावला आणि म्हणाले, “हजारो रिले माझं ऐकायचे, भिया. हा एक ऐकत नाही.”

मीही वैतागलो होतो. एका संध्याकाळी टप्प अगदी बारीक उरला होता, आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी दाबलं. माझं बोट मांडीवरच राहिलं.

त्यांनी पेडलकडे पाहिलंच नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

“आला न?”

मी मान खाली घातली.

“माझा कान आहेस तू,” ते म्हणाले. “तूच झूठ बोललास तर मी काय करू?” त्यांनी मला जायला सांगितलं. पेडल ठेवून घेतलं.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. मी गेलो. काका ताठ बसले होते. सूर दाबायचा क्षण त्यांनी स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवून जुळवला होता. त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, मी तार छेडली, सूर घुमला. पुन्हा दाबलं, सूर साधा झाला. मध्ये काही नाही. मी म्हणालो, नाही आला, काका, खरंच. पण माझ्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी काकूंना बोलावून समोर उभं केलं आणि चार वेळा बटण दाबलं.

“आला का आवाज?”

“कसला आवाज?” काकूंनी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

यंदा होळीनंतर काका-काकूंना त्यांच्या मुलीनं रायपूरला नेलं. रस्ता ओलांडताना मागून आलेला ट्रक काकांना कळला नव्हता, थोडक्यात वाचले होते. निघायच्या दिवशी मी गेलो. काका गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर हत्यारांची पिशवी. मी खिडकीशी वाकून म्हणालो, “काका, पोचलात की कळवा.”

ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यांना माझे ओठ नीट दिसले नसावेत. त्यांनी हसून मान डोलावली.

“हो हो,” ते म्हणाले, “जेवलो. तू जेवलास?”

मी म्हटलं, हो. गाडी निघाली.